हात मागायची रीत

पेण, ३ ऑगस्ट, रविवार

प्रिय अनिता,

चोवीस वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि तेही भांडायला, याबद्दल आधी माफी. मधल्या काळात जिल्ह्याच्या स्पर्धांना आपण वीस-पंचवीस वेळा तरी एका मैदानावर होतो. दर वेळी पंचांच्या टेबलापाशी तू मान हलवलीस, मी मान हलवली. त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. तुझा नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर मला राग आवरत नाही, कागदावर निदान खोडता येतं.

विषय दिशाचा.

गुरुवारी ती जिमखान्यात आली. हातात दाखल्याचा नो-ड्यूज फॉर्म. ग्रंथालयाची सही झालेली, फी-खिडकीची झालेली, फक्त जिमखान्याचा रकाना रिकामा. "मॅडम, सही." एवढंच बोलली. कुठे चाललीस विचारलं तर म्हणाली, "रोह्याला. अनिता मॅडमच्या टीमकडं. बावीस तारखेपर्यंत दाखला तिकडं दिला तरच माझं नाव यादीत जाईल."

तिचं तिसरं वर्ष आहे. यंदा यादीत नाव गेलं नाही तर कॉलेजकडून कबड्डी संपली. मी म्हटलं, मग इथेच खेळ की, इथल्या यादीत तुझं नाव पहिलं आहे. म्हणाली, "इथं नाय खेळणार."

ही मुलगी दोन वर्षांपूर्वी जोहे गावातून आली तेव्हा तिला पाय धरता येत नव्हता. चढाई करणारीच्या अंगावर झेप घ्यायची आणि स्वतःच बाहेर जायची. डावा कोपरा म्हणजे काय, घोटा कधी धरायचा, शेजारणीचा हात कधी सोडायचा, सगळं मी शिकवलं. आता तयार झाली तर तुम्ही उचलताय. ऐकलं ते सगळं लिहिते: राहण्याची खोली, मेसचं जेवण, मॅटचे बूट आणि एमआयडीसीतल्या कंपनीकडून दर महिन्याला बँकेत पैसे. आमच्याकडे सरावानंतर दोन केळी असतात. तीही मी आणते.

पण आमच्याकडे आपली रीत आहे. तुला आठवत असेल. सरावाला उशिरा येईल तिनं प्रत्येकीसमोर उभं राहून तळवा पुढे करायचा आणि म्हणायचं, "हात दे." साऱ्यांनी हात दिला की मगच मैदानात पाय. आपले सर म्हणायचे, साखळीत जिचा हात धरायचा तिला वाट बघायला लावलीत, तर आधी तो हात मागून घ्या. मी ती रीत अजून पाळते. मुली हसतात, "मॅडम, लग्नाआधीच सहा जणींचा हात मागून झाला." हसल्या तरी पाळतात. बूट देऊन संघ होत नाही, अनिता, असं मला वाटतं.

सही केली नाही. रजिस्टरप्रमाणे जर्सी क्रमांक सात तिच्या नावावर आहे, जमा झालेली नाही. "जर्सी माझ्याकडं नाय," म्हणाली. मी म्हटलं, मग कोणाकडे आहे? ती माझ्याकडे बघत राहिली. मला तो उद्धटपणा वाटला.

तुझं म्हणणं कळव.

नूतन


पेण, १० ऑगस्ट, रविवार

अनिता,

पत्राला उत्तर म्हणून तुझा मोबाइलवर तीन ओळींचा मेसेज आला. "पत्र मिळालं. अक्षर तसंच आहे. मी बोलावलं नव्हतं, तीच आली, का ते तिला विचार." तिला विचारायचं सोडून मी आज रोह्याला येऊन गेले. तुला सांगितलं नाही. आता सांगते, कारण चोरून बघितलं ही गोष्ट मनात टोचते आहे.

निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगला वीस मिनिटं उभी होती. समोरच्या फलाटावरून परतीची गाडी मिळेल, उतरावं, असं दोनदा वाटलं. उतरले नाही. तुमच्या पत्र्याच्या शेडमागे एक आंब्याचं झाड आहे, त्याच्या आडून पाऊण तास बघितलं. पंचेचाळिसाव्या वर्षी हे शोभत नाही, मान्य आहे.

मॅट चांगली आहे. हेवा वाटला, लपवत नाही. मुलींच्या पाठीवर कंपनीचं नाव एवढं मोठं की मुलीचं नाव कमरेपाशी गेलंय. ते आवडलं नाही. पण बघायला गेले होते ते वेगळंच. तुझी एक उंच, वेणी घातलेली मुलगी अर्धा तास उशिरा आली, धापा टाकत. मला वाटलं, आता तळवा पुढे करेल. तू शिट्टी तोंडातून काढलीस आणि लांबूनच ओरडलीस, "जेवलीस काय गो?" ती म्हणाली, "नाय, मॅडम. खांब गावापाशी एसटी बंद पडली." तू म्हणालीस, "मंग आधी खा. डब्यात भाकरी हाय. रिकाम्या पोटी पाय धरायला गेलीस तर नुसती माती धरशील." सगळ्या हसल्या. तीही हसली. भाकरी खाल्ली आणि आत गेली. कुणी कुणाचा हात मागितला नाही.

आपण दोघी एकाच सरांच्या हाताखाली वाढलो. मग तू रीत का सोडलीस? गाडीत हाच प्रश्न घेऊन बसले होते.

आणि उगाच कौतुक करायला हे पत्र नाही. बाकावर पाच मुली होत्या. पहिल्या सातजणींना पैसे, बूट आणि मेसचं जेवण, बाकावरच्यांना नाही, हे मला तिथेच, पाणी भरायला मागे आलेल्या एकीकडून कळलं. तिला मी तुमच्याकडे प्रवेश घेणाऱ्या मुलीची मावशी आहे असं खोटं सांगितलं. ती म्हणाली, "सातात आलात तर चांगलं हाय, मावशी. नाय आलात तर पाणी द्यायचं." हे तुला दिसतं का? दिशा पडली, गुडघा गेला, तर तिचे पैसे चालू राहतील का? कंपनीनं हे लिहून दिलंय का? या प्रश्नांची उत्तरं मला हवी आहेत आणि ती मागायचा मला हक्क आहे.

सही अजून केलेली नाही. जर्सीचा प्रश्न आहेच.

नूतन


पेण, १७ ऑगस्ट, रविवार

अनिता,

आज जोह्याला गेले होते. आठवडाभर दिशा कॉलेजात दिसली नाही. मी स्वतःला सांगितलं की जर्सीची चौकशी करायला जाते आहे. आता लिहिताना कळतं की जर्सीचं निमित्त होतं, नक्की कशाचं ते पुढे लिहिते.

गणपती दहा दिवसांवर. गावात चालायला जागा नाही, ओट्यांवर, पडव्यांत, ताडपत्र्यांखाली मूर्तीच मूर्ती. दिशा आणि तिची आई विमलबाई एका कारखान्यात पाटावर बसून काम करत होत्या. आई मुकुटांना सोनेरी लावत होती, दिशा पितांबराचे काठ ओढत होती. नगावर मजुरी. या महिन्यात मिळते ती त्यांची वर्षाची मोठी कमाई. दिशाची फी त्यातूनच जाते, हे मला आज कळलं. दोन वर्षं मी तिला रोज बघत होते.

विमलबाई गडबडून उठल्या. "म्याडम आल्यात गो दिशा. हात पूस."

दिशा उठली नाही. म्हणाली, "नाय पुसत. त्यांना म्हायती हायेत माझं हात."

मी तेच विचारलं जे विचारायला नको होतं. जर्सी कुठे आहे?

विमलबाईंनाच आश्चर्य वाटलं. "म्याडम, ती तर तुमीच घेतलीत ना? गेल्या वर्साला, मॅचच्या दिवशी?"

अनिता, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

गेल्या ऑगस्टमध्ये विभागाचा सामना होता. दिशा वीस मिनिटं उशिरा आली. धावत आली, जर्सी घालूनच आली, आणि दोन्ही हात सोनेरी. मालकानं उरलेले नग पुरे केल्याशिवाय सोडलं नव्हतं. धुवायला वेळ मिळाला नव्हता. मी म्हटलं, "आधी हात माग." ती रांगेसमोर उभी राहिली, तळवा पुढे केला. अफशानं हात दिला. अफशा तिच्या शेजारी खेळते, साखळीतली जोडीदार. तिला रंगाचं काही वाटलं नाही. पुढच्या मुलीनं हात मागे घेतला. "शी, रंग लागेल," म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या. दिशा तशीच उभी, हात पुढे. पुढचीनं बोटाच्या टोकानं टेकवल्यासारखं केलं. पुन्हा हसल्या.

मी बघत होते. चार पावलांवर. मी शिट्टी वाजवू शकत होते, ओरडू शकत होते, स्वतः जाऊन तो हात धरू शकत होते. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उशीर झालाय. जर्सी काढ, बदलीला दे. तू बाकावर बस." तिच्या अंगातून जर्सी काढून घेतली. आत टी-शर्ट होता, पण त्यानं काय होतं? सामना आम्ही हरलो. बसमध्ये मी शिस्तीवर बोलले. चांगलं बोलले होते, मला आठवतं.

आज हे सगळं तिथे पाटाशेजारी उभं राहून आठवत होते, तेव्हा दिशा काठ ओढतच म्हणाली, "म्याडम, मी पैशासाठी चाल्ले असंच लिवा. तुमाला सोपं पडंल."

मी म्हटलं, "आणि तसं नाहीये?"

"पैसं नकोत असं कोण बोल्लं? हवेतच. आईचा खोकला बघा, पुढल्या वर्सी तिला ह्या रंगात बसू नाय देनार मी." मग कुंचला पाण्यात बुडवला. "पन पैसं हितं पन मिळतात, पाटावर बसून. तुमच्याकडं मी खेळायला आल्ते."

विमलबाई म्हणाल्या, "असं बोलतात काय गो म्याडमला?" आणि मला चहा दिला. मी प्यायले. कपाला सोनेरी बोटं लागली होती. माझ्याही हाताला लागली.

त्या दिवशी हसणाऱ्या मुलींवर मला आज खूप राग आला. मग विचार केला, त्यांना कुणी थांबवलं नाही. रीत चांगली आहे असं मी मानते. पण आपल्या वेळी उशीर होण्याचं कारण बस चुकणं असायचं किंवा झोप. सगळ्या एकाच पायरीवर होतो. हिचा उशीर मजुरीचा होता. ज्यांना मजुरीला जावं लागत नाही त्या कधी उशिरा येत नाहीत, म्हणून त्यांना कधी हात मागावा लागत नाही. एवढं साधं गणित मला एक वर्ष दिसलं नाही. की दिसत होतं?

हे पत्र इथे थांबवते. सही उद्या-परवा करेन असं लिहिणार होते, पण केल्याशिवाय लिहीत नाही.

नूतन


पेण, २१ ऑगस्ट, गुरुवार

अनिता,

तुझा मेसेज सोमवारी संध्याकाळी आला. "नूतन, अजून हात पाठीमागेच धरून उभी आहेस काय गो?"

दोन दिवस तो टोमणा वाटला. तिसऱ्या दिवशी नुसता प्रश्न वाटला.

तर ऐक. दोन गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या, आणि खरं म्हणजे वहीतही लिहिल्या नव्हत्या. माझी रोजनिशी पंचवीस वर्षांची आहे. कोणत्या दिवशी कोण किती वाजता आली हेसुद्धा तिच्यात सापडेल. ह्या दोन गोष्टी नाहीत.

पहिली. जर्सी मला चार तारखेलाच सापडली होती. तुला पहिलं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्याच कपाटात, खालच्या खणात, पट्ट्या आणि बर्फाच्या पिशवीखाली. मीच त्या दिवशी सामन्यानंतर बदलीकडून घेऊन ती तिथे कोंबली होती आणि रजिस्टरात जमा लिहायचं राहिलं. माझ्या हातून नोंद राहिली, हे मला आधी पटेना. सात आकड्याच्या वर सोनेरी बोटांचे ठसे होते, सुकलेले, नखानं खरवडले तर निघाले असते. मी खरवडले नाहीत. परत घडी करून पट्ट्यांखाली ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. त्यानंतर दहा तारखेच्या पत्रात तुला लिहिलं, "जर्सीचा प्रश्न आहेच." ते खोटं होतं. रोह्याला तुझ्या झाडामागे उभी होते तेव्हाही मला माहीत होतं, आणि जोह्याला जर्सी कुठे आहे असं विचारलं तेव्हाही.

दुसरी. मी अजून तासिका तत्त्वावर आहे, हे तुला माहीत नसेल. सतरा वर्षं. जूनमध्ये आमचे प्राचार्य साहेब म्हणाले, यंदा विभागात पहिले आलात तर तुमच्या कायम नेमणुकीच्या प्रस्तावाला जोर येईल. डावा कोपरा नसलेला संघ विभागात पहिला येत नाही. तू तिला महिन्याचे पैसे देतेस म्हणून मी तुझ्यावर चार पानं राग काढला. माझाही पगारच होता त्या सहीमागे. तिच्या पायांवर मी माझी नोकरी उभी करायला बघत होते आणि त्याला संस्कार म्हणत होते. हे लिहायला मला खूप वेळ लागला. मध्ये उठून दोनदा पाणी प्यायले.

आज सकाळी अफशा आली. म्हणाली, "मॅडम, दिशाला जाऊ द्या. मी दुसरा हात धरीन." मी विचारलं, तुला वाईट नाही वाटणार? "वाटेल ना. पण ती इथं बसून राहिली तरी हात थोडीच देणार आहे मला? अब्बा दुबईवरून फोनवर हेच बोलतात, तिकडे जिथं माणूस खूश नाही तिथं त्याचा पासपोर्ट कपाटात ठेवून काय मिळतं मालकाला?" एवढं बोलून गेली. तिला माझ्या कपाटातलं काही माहीत नाही. माझं तोंड मात्र उतरलं असावं.

अकरा वाजता मी कार्यालयात गेले. फॉर्मवर सही केली, जर्सी जमा, तारीख आजची, शेरा: 'नोंद करण्यात क्रीडाशिक्षिकेची चूक.' कमळाकरभाऊ, आमचे मुख्य लिपिक, चष्मा कपाळावर ठेवून वाचत होते.

"सापडली वाटतं जर्सी?"

"कपाटात होती."

"कोणाच्या?"

"माझ्या."

त्यांनी चष्मा खाली ओढला. "बाई, हा शेरा कशाला? नुसती सही पुरते."

"राहू दे."

"वर्तणुकीच्या रकान्यात काय टाकू? परवा तुम्ही 'समाधानकारक' म्हणाला होतात."

हे मात्र मी विसरले होते. परवा नाही, पहिल्या गुरुवारीच म्हणाले होते. तुला माहीत आहे दाखल्यावर 'समाधानकारक' म्हणजे काय. वाचणारा समजून जातो की मुलगी त्रासाची आहे. मी म्हटलं, "'अतिशय चांगली' लिहा."

"आमच्याकडे 'चांगली' पर्यंतच असतं."

"मग 'चांगली' लिहा. पण अक्षर ठसठशीत काढा."

दाखला तयार झाला. शिपायाबरोबर पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, मी नेते. म्हणाले, विद्यार्थ्याच्या हातातच द्यायचा असतो, स्थळप्रतीवर तिची सही आणा. आणेन. उद्या शेवटची तारीख. सकाळी तो तिच्या हातात पडला तर दुपारपर्यंत ती रोह्याला पोचते. गाडीचं मी बघितलं आहे.

आता तुझं. तू शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला आली होतीस, मुंबईच्या ऑफिसच्या संघात नोकरी लागली म्हणून. सगळ्यांचा हात मागितलास. मी शेवटची होते. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "पैशासाठी जातेस ना, मग पैशाचाच हात धर." तू तळवा पुढे धरून किती वेळ उभी होतीस ते मला अजून माहीत आहे, कारण मी तुझ्या पायांकडे बघत होते. तुझ्या घरी तेव्हा काय चाललं होतं ते मी विचारलं नाही. नंतर दुसऱ्यांकडून कळलं, तेव्हाही विचारलं नाही. तू रीत का सोडलीस हे मी तुला दहा तारखेच्या पत्रात विचारलं होतं. आता उत्तर पाठवू नकोस. कळलं.

राग गेलेला नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. साहेबांवर आहे, ते गणवेशाला पैसे देत नाहीत आणि भाषणात परंपरा सांगतात. त्या कंपनीवर आहे. तुझ्यावरही आहे, बाकावरच्या त्या पाच मुलींसाठी. त्यांना निदान जेवण तरी दे, अनिता, पाणी वाहायला लावू नकोस. दिशाचा डावा गुडघा कच्चा आहे, सरावाआधी दहा मिनिटं शेकायला लाव. घोटा धरताना ती मान खाली घालते, ती सवय मी मोडू शकले नाही, तू मोड. गणपती होईपर्यंत तिला उशीर झाला तर तो मजुरीचा समज.

पहिल्या सातात सहाच उरल्या. सातवी कोण ते शोधायचं आहे, पण आज नको.

रीत मी मोडणार नाही. सरांनी सांगितलं होतं की उशिरा येईल तिनं मागायचा. त्यांनी असं कुठे म्हटलं नव्हतं की मॅडमनं मागायचा नाही. मागितला म्हणून मिळेलच असंही नाही. दिशानं हात पाठीमागे बांधले तर मला उभं राहावं लागेल, तू राहिलीस तेवढा वेळ तरी.

तुझ्याकडे मागायला मात्र मैदानावरच येईन. पत्रातून हात मागता येत नाही.

नूतन

उद्या : सातची एसटी, जोहे. आधी हात, मग दाखला.